उखळीचा सांधा: हे नाव आलं कुठून?

शाळेत सांध्यांचे प्रकार आपण सगळ्यांनीच पाठ केलेत, बिजागरीचा, उखळीचा, सरकता वगैरे, आणि मला कितीतरी वर्षं वाटायचं की ही नावं इंग्रजीवरून मराठीत आणली असणार. मग सुश्रुतसंहितेचं, म्हणजे सुश्रुताच्या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथाचं, शारीरस्थान (शरीररचनेचा भाग) हातात आलं आणि पाचव्या अध्यायात 'उलूखल' दिसलं, म्हणजे आपलं उखळच की! काखेतला, जांघेतला सांधा आणि दात, हे सगळे त्यात.

सुश्रुत आधी दोनच गट करतो, हलणारे आणि स्थिर. सांधे मोजतो 210: हातापायांत 68, धडात 59, मानेपासून वर 83. मग आकारावरून आठ प्रकार पाडतो आणि नावं देताना आजूबाजूच्या वस्तू घेतो. जबड्याच्या सांध्याला वायसतुंड म्हणजे कावळ्याची चोच, आणि कवटीच्या सांध्यांना तुन्नसेवनी, म्हणजे फाटलेलं कापड शिवल्याची शिवण. लॅबमधली कवटी जवळून बघा, डोक्यावरून जाणारी ती नागमोडी रेघ खरंच हाताने घातलेल्या रफूसारखी दिसते, हे नाव देणाऱ्याने कवटी नीट बघितलेली होती याबद्दल मला तरी शंका नाही. त्याची पद्धतच तशी होती, प्रेत मुंजगवतात वगैरे गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग वाळ्याच्या कुंच्याने हळूहळू खरवडत एकेक थर बघायचा. आठातले एकदोन प्रकार मात्र आजच्या हिशोबाने हाडांच्या सांध्यांत बसत नाहीत, मंडल म्हणजे गोल प्रकारात तर डोळा आणि घसा पण येतो.

तिकडे रोममध्ये दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्यानेही हलणारे आणि न हलणारे असेच दोन गट केले. त्याला माणसाचं शवविच्छेदन करता येत नव्हतं, माकडांवर काम चालायचं, सांगाडा बघायचा तर अलेक्झांड्रियाला जा असं तो सांगायचा. दाताच्या सांध्याला त्याच्या परंपरेत गॉम्फोसिस म्हणतात, ग्रीक गॉम्फोस म्हणजे खिळा. एकच दात, एकाला उखळात बसलेला दिसला, दुसऱ्याला ठोकलेला! हा शब्द मेडिकलची मुलं आजही पाठ करतात. 1543 मध्ये व्हेसालियस या शरीररचनातज्ज्ञाने स्वतः माणसांची प्रेतं उघडून पुस्तक काढलं आणि गॅलेनच्या चुका दाखवल्या, खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकच आहे ही त्यातलीच एक.

आता मुख्य वर्गीकरण दोन हाडांच्या मधे काय आहे यावरून होतं, तंतू, कूर्चा की सायनोव्हियल द्रवाची (सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवाची) पोकळी. पण त्या द्रवाच्या कामाचंही सुश्रुताने चौथ्या अध्यायात लिहून ठेवलंय: आसाला तेल लावलं की चाक जसं नीट फिरतं तसे श्लेष्म्यामुळे, म्हणजे कफामुळे, सांधे नीट चालतात. घरातली म्हातारी माणसं गुडघ्यातलं वंगण संपलं म्हणतात ना, अगदी तेच.