विहिरीवरचा रहाट आला कुठून?

विहिरीवर दोर ओढायचं लाकडी किंवा लोखंडी चाक म्हणजे रहाट. बैल फिरवतात आणि ज्याच्या माळेतली गाडगी पाणी वर आणतात, तोही रहाटच. कोकणात पायांनी फिरवायचा तो पायरहाट. जत्रेत माणसांना वर-खाली नेणारा रहाटपाळणा. यंत्रशास्त्राच्या भाषेत यातलं एक कप्पी, दुसरं आस आणि चाक, पण बोलणाऱ्याला त्याचं काही नाही. जे आसाभोवती फिरतं आणि काहीतरी वर आणतं, ते रहाट.

शब्दाचं मूळ संस्कृत ‘अरघट्ट’. त्यातला ‘अर’ म्हणजे चाकाचा आरा. प्राकृतात ‘घ’चा ‘ह’ झाला, अरहट्ट. मराठीत येताना सुरुवातीचा ‘अ’ गळाला, जसा ‘अरण्य’चं ‘रान’ होताना गळाला. शेवटचं जोडाक्षर सुटं झालं आणि त्याआधीचा स्वर लांबला. हस्त-हत्थ-हात किंवा कर्म-कम्म-काम यांत घडलं तेच इथेही घडलं. हिंदीतला रहट आणि गुजरातीतला रेंट ही याचीच भावंडं.

इतकी सरळ वंशावळ मिळाली की यंत्रही तितकंच जुनं असणार, असं वाटू लागतं. घोटाळा होतो तो इथे. पाणी उपसणाऱ्या चाकाची तीन रूपं आहेत. पहिल्यात गाडगी चाकाच्या कडेलाच बांधलेली असतात, त्यामुळे पाणी चाकाच्या आवाक्यात असेल तरच ते चालतं. दुसऱ्यात गाडग्यांची लांब माळ चाकावरून विहिरीत सोडलेली असते. तिसऱ्यात दातेरी चाकं येतात: बैल आडवं चाक फिरवतो, त्याचे दाते उभ्या चाकात अडकतात आणि माळ फिरू लागते. इंग्रजांनी ‘पर्शियन व्हील’ म्हटलं ते हे तिसरं.

पंचतंत्रातला गंगदत्त बेडूक भाऊबंदांना कंटाळून विहिरीबाहेर पडतो, तो अरघट्टाच्या घटिकेत बसून. म्हणजे बेडकाला वर आणण्याइतकं यंत्र त्या काळच्या श्रोत्यांच्या ओळखीचं होतं. दातेरी चाकाबद्दल मात्र गोष्ट काहीच सांगत नाही. इतिहासकार इरफान हबीब यांनी १९६९ साली नेमकं यावरच बोट ठेवलं. जुन्या ग्रंथांत अरघट्ट सापडतो म्हणून दातेरी रहाट सिद्ध होत नाही, तो तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास बाहेरून आला असावा, असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाद झाले, पण पुराव्याची ही अट मला रास्त वाटते. नवं यंत्र आलं की लोक त्याला जुनंच नाव देतात.

बाबराच्या आठवणींत लाहोर, दिपालपूर, सरहिंदकडच्या रहाटाचं वर्णन आहे: दोन दोर, मध्ये लाकडाचे तुकडे, त्यांना बांधलेली मडकी, शिवाय दातेरी चाकं. आग्र्याकडे त्याने बैलांनी ओढायची मोट पाहिली. तिचा दोर जनावरांच्या शेणामुतातून फरफटत पुन्हा विहिरीत जातो, हे पाहून तो वैतागला होता.

‘रहाटगाडगं’ आपण आज रोजच्या धबडग्यासाठी वापरतो. जुना अर्थ याहून गंभीर होता. सातव्या शतकातला बौद्ध आचार्य चंद्रकीर्ती जन्ममरणाच्या फेऱ्यात अडकलेल्या जिवांना विहिरीवरच्या रहाटाची उपमा देतो. आता पुनर्जन्म गेला आणि डबे, लोकल, हप्ते उरले.

सूत कातायच्या चाकालाही मराठीत रहाट म्हणत. ती जागा पुढे ‘चरख्या’ने घेतली. हा शब्द फारसी ‘चर्ख’वरून आलेला, म्हणजे संस्कृत ‘चक्रा’चा इराणी नातेवाईक. भारतातल्या चरख्याचा एक फार जुना उल्लेख १३५० साली दख्खनमध्येच, बहमनी सुलतानासाठी लिहिणाऱ्या इसामीच्या काव्यात आहे. रझिया सुलतानाला नावं ठेवताना तो म्हणतो की बाईने चरख्यापाशी बसावं. गंमत अशी की इंग्रजांनी ज्याला पर्शियन ठरवलं त्या यंत्राचं नाव आपल्याकडे देशी राहिलं आणि कातणाऱ्या चाकाला फारसी नाव चिकटलं. गुजरातीने मात्र तिथेही जुनाच शब्द धरून ठेवला. तिथे चरखा म्हणजे रेंटियो, आणि गांधीजींची तिथीप्रमाणे येणारी जयंती म्हणजे रेंटिया बारस.