पूर्णपडदा दृश्य (प्रतिमा-संपादन)

फोटो किंवा चित्र संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमधील मेनू, टूलबार, पॅनेल आणि पट्ट्या असा सारा पसारा तात्पुरता लपवून पडद्यावर केवळ प्रतिमा ठेवण्याच्या सोयीला पूर्णपडदा दृश्य म्हणतात. कोल्हापुरात लग्नाचे अल्बम, फ्लेक्स आणि कॅटलॉग करणाऱ्या दुकानांत तिचे रोजचे नाव ‘फुल स्क्रीन’, आणि ती वापरणे म्हणजे, कीबोर्डवरच्या त्या त्या कळीवरून, ‘एफ मारणे’ (पडदाभर दृश्य) किंवा ‘टॅब मारणे’ (पॅनेल लपवणे). मूळ फाइलमध्ये यामुळे काहीच बदलत नाही. बदलतो तो प्रतिमेभोवतीचा रंग, आणि त्याबरोबर डोळ्याचा निवाडा. फोटो मोठा दिसतो हा फायदा आधी लक्षात येतो, पण तो दुय्यम आहे.

जागेचा हिशेब

१९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यावर फोटोशॉपची नेहमीची मांडणी उघडी असली, तर प्रतिमेसाठी अंदाजे १५५० × ९०० पिक्सेल उरतात. कॅमेऱ्याचा ३:२ आकाराचा आडवा फोटो त्यात १३५० × ९०० बसतो; सारे लपवल्यावर तोच १६२० × १०८० होतो. क्षेत्रफळात ही वाढ साधारण दीडपट भरते. १३६६ × ७६८ च्या जुन्या लॅपटॉपवर फरक जास्त जाणवतो, कारण पॅनेलची रुंदी पडदा लहान झाला म्हणून कमी होत नाही.

अल्बमच्या पानाचे गणित निराळे आहे. १२ × ३६ इंचांचे जोडपान ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) १०८०० × ३६०० पिक्सेलचे होते, म्हणजे उंचीच्या तिप्पट रुंद. ते १९२० रुंदीच्या पडद्यावर १९२० × ६४० बसते आणि वरखाली मिळून ४४० ओळी रिकाम्याच राहतात. इथे अडचण रुंदीची असल्यामुळे वरचा मेनू लपवून काही मिळत नाही. बाजूची पॅनेल हलवली तरच पान मोठे होते. अल्बमवाल्यांचा हात एफपेक्षा टॅबकडे आधी जातो तो याचमुळे. उभ्या फोटोला नेमके उलट: तिथे उंची तोकडी पडते, म्हणून मेनू आणि खालची पट्टी जाणे महत्त्वाचे.

भोवतालचा रंग

करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे घेऊन एक काळ्या आणि एक पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवला, तर काळ्यावरचा तुकडा उजळ दिसतो. पडद्यावरही हेच घडते. काळ्या भोवतालात फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो आणि त्याचा कॉन्ट्रास्ट कमी भासतो. पांढऱ्यात तोच फोटो काळवंडतो आणि जास्त कडक दिसतो. पूर्ण काळ्या पडद्यावर बसून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) ठरवले, की पांढऱ्या कागदावरची प्रिंट हमखास अंधारी येते. दोष प्रिंटरला दिला जातो.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचे फोटो हे यातले सर्वांत अवघड उदाहरण. नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभी मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. बहुतेक चौकट गडद आणि मध्ये सोनेरी पट्टा, असा हा फोटो काळ्या भोवतालात अप्रतिम दिसतो, कारण फोटोतील अंधार आणि पडद्याचा अंधार एकमेकांत मिसळतात. तोच फोटो वर्तमानपत्राच्या मळकट कागदावर किंवा भेटकार्डाच्या पांढऱ्या कडांमध्ये गेला, की गाभाऱ्याच्या दगडाचा पोत गायब होतो. असा फोटो मध्यम करड्या भोवतालात तपासावा आणि छपाईला देण्यापूर्वी एकदा पांढऱ्यातही पाहावा.

करडा घ्यायचा तो निखळ असावा, म्हणजे लाल, हिरवा व निळा यांची मूल्ये सारखी. एसआरजीबी या पडद्याच्या नेहमीच्या रंगप्रणालीत (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा) प्रत्येकी ११८-११९ हे मूल्य १८ टक्के करड्याच्या, म्हणजे १८ टक्के प्रकाश परतवणाऱ्या मध्यम करड्याच्या जवळ जाते. निळसर करडा ठेवला तर डोळा त्याला तटस्थ मानू लागतो आणि त्वचेचे रंग पिवळट वाटतात. मग हळद लागलेल्या नवरीच्या चेहऱ्यातला पिवळा उगाच काढला जातो.

पांढऱ्या पार्श्वभूमीवरची उत्पादने पांढऱ्याच भोवतालात तपासावीत. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातील कास्टिंग असो, हुपरीचे चांदीचे पैंजण असोत की कोल्हापुरी चप्पल, कटआउट (वस्तू मूळ पार्श्वभूमीतून कापून वेगळी करणे) नीट झाले आहे का हे गडद भोवतालात कळतच नाही. २४५ मूल्याची पार्श्वभूमी तिथे शुभ्र भासते. भोवताल २५५ चा केला, की फोटोची चौकट मळकट चौकोनासारखी उठून दिसते, आणि वस्तूखालची अर्धवट पुसलेली सावलीही सापडते.

छपाईचा आभास पाहताना, म्हणजे सॉफ्ट प्रूफिंग करताना, पसारा लपवणे जवळजवळ सक्तीचेच. कागदाच्या रंगाचा आभास चालू केल्यावर प्रतिमेतला पांढरा किंचित मंद आणि पिवळसर होतो. पडद्यावर कुठेही सॉफ्टवेअरचा लखलखीत पांढरा भाग उघडा असला तर डोळा त्यालाच पांढरा धरतो आणि सगळा फोटो मेलेला दिसतो. फोटोशॉपमध्ये कंट्रोल + वाय ने आभास आणि कंट्रोल + शिफ्ट + वाय ने छपाईत न येणाऱ्या रंगांची खूण चालू होते. दोन्ही फुल स्क्रीनमध्ये चालतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल या खुणेत बहुधा मोठ्या प्रमाणावर अडकतो, कारण तितका भडक गुलाबी छपाईच्या चार शाईंत मिळत नाही. तो स्क्रीनवर आणखी भडक करून उपयोग नाही. शेजारचे रंग थोडे खाली आणले, तर गुलाल तुलनेने उठतो.

फोटोशॉपमधील कृती

फोटोशॉपमध्ये एफ कळीने तीन अवस्था फिरतात: नेहमीची, मेनूसह फुल स्क्रीन आणि निव्वळ फुल स्क्रीन. शिफ्ट + एफ उलटा फिरतो. निव्वळ फुल स्क्रीनमधून एस्केपनेही परतता येते. टॅबने टूलबारसह सगळी पॅनेल जातात. शिफ्ट + टॅबने टूलबार राहतो आणि उजवीकडची पॅनेल तेवढी लपतात.

अवस्था बदलली म्हणून झूम आपोआप बदलेल असे धरू नये. दोनदा एफ, मग कंट्रोल + ० असा क्रम ठेवला, की प्रतिमा पडद्यात बसते. त्यानंतर प्रतिमेबाहेरच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक केल्यास काळा, गडद करडा, मध्यम करडा, फिका करडा आणि मनाजोगता रंग असे पर्याय येतात. निव्वळ फुल स्क्रीनचा मूळ रंग काळा असतो, आणि बहुतेक संगणकांवर तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. प्रत्येक अवस्थेचा रंग वेगळा लक्षात ठेवला जातो, हे सोयीचे आहे: एकीत मध्यम करडा आणि दुसरीत पांढरा ठेवून एफ दाबतच तुलना होते.

या अवस्थेत काम थांबत नाही. ब्रशची बी, आकाराचे चौकटी कंस, हातासाठी स्पेसबार, सगळे चालते. कळा पाठ असलेला ऑपरेटर चेहऱ्याचे डॉज-बर्न (भाग उजळ-गडद करणे) पूर्ण याच अवस्थेत करू शकतो. पॅनेल हवे झाले तर कर्सर पडद्याच्या कडेला नेऊन थांबवावा. ते सरकत बाहेर येते. येत नसेल तर प्रेफरन्सेसमधील लपलेली पॅनेल आपोआप दाखवण्याची खूण निघालेली असते. निवडीच्या हलत्या रेषा आणि गाइड (मांडणीच्या मदतरेषा) मात्र फुल स्क्रीनने जात नाहीत; त्यासाठी कंट्रोल + एच.

धूळ, केस आणि कटआउटच्या कडा शोधायला कंट्रोल + १ दाबून १०० टक्क्यांवर जावे. होम कळीने वरचा डावा कोपरा येतो, पेज डाउनने एक पडदाभर खाली आणि कंट्रोल + पेज डाउनने एक पडदाभर उजवीकडे सरकता येते. १२ × ३६ चे जोडपान असे पाहायला आडवे ६ आणि उभे ४, म्हणजे २४ पडदे लागतात. पसारा उघडा ठेवून हीच फेरी साधारण २८ पडद्यांत होते. चार पडद्यांची बचत म्हणजे काही मोठी कमाई नव्हे. मात्र नजर पॅनेलकडे वळत नाही आणि ठिपका सुटत नाही. शार्पनेस ठरवताना पडद्यात बसवलेल्या दृश्यावर विसंबू नये. १७.८ टक्क्यांसारख्या आडनिड्या झूमवर सॉफ्टवेअर पिक्सेल गाळून दाखवते, त्यात कडा कधी दातेरी तर कधी मऊ दिसतात. १०० किंवा ५० टक्के हेच भरवशाचे.

फ्लेक्सला हा १०० टक्क्यांचा नियम लावला तर वेळ वाया जातो. २० × १० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला १७२८० × ८६४० पिक्सेलचा होतो, आणि रस्त्यावरून कोणी तो जवळून पाहत नाही. फुल स्क्रीनमध्ये पूर्ण बसवून २४ इंची मॉनिटरपासून (रुंदी सुमारे ५३ सेंमी) १.३ मीटर मागे उभे राहिले, की फ्लेक्स १५ मीटरवरून दिसेल तेवढाच दिसतो. त्या अंतरावरून नाव वाचता येत नसेल तर अक्षर वाढवावे किंवा कडेच्या छोट्या फोटोंची गर्दी कमी करावी. दुसरेच सहसा खरे असते, पण ते गिऱ्हाइकाला पटत नाही. चित्रकार ईझलपासून मागे सरून डोळे किलकिले करून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. बाबूराव पेंटर यांच्या गावात हे नव्याने सांगायला नको.

इतर सॉफ्टवेअर

लाइटरूम क्लासिकमध्ये एफने फोटो थेट पडदाभर येतो आणि पुन्हा एफने जातो. अवस्था फिरवायला शिफ्ट + एफ. टॅबने बाजूची पॅनेल लपतात, शिफ्ट + टॅबने वरखालचीही. फोटोशॉपमधल्या शिफ्ट + टॅबच्या हे उलट असल्याने दोन्ही वापरणाऱ्यांचा गोंधळ होतो. एल कळीचे ‘लाइट्स आउट’ हे याचे खास वैशिष्ट्य: एकदा दाबल्यावर फोटोखेरीज सारे मंद होते, दुसऱ्यांदा पूर्ण काळे, तिसऱ्यांदा पूर्ववत. निवडानिवडीला ते छान आहे. एक्स्पोजर ठरवायला वर सांगितलेल्या कारणाने वाईट.

कोरलड्रॉत एफ-९ ने पूर्वदर्शन येते आणि एस्केपने जाते. तिथे फक्त पाहता येते, काम करता येत नाही. गिम्पमध्ये एफ-११ ने खिडकी पडदाभर होते आणि टॅबने डॉक (बाजूची पॅनेल) लपतात. मेनू, पट्टी, स्क्रोलबार दाखवायचे की नाही हे नेहमीच्या व फुल स्क्रीन अवस्थांसाठी वेगवेगळे ठरवता येते. कृतामध्ये टॅबने केवळ कॅनव्हास उरतो. डार्कटेबलमध्ये टॅबने पॅनेल जातात, शिवाय कंट्रोल + बी ने रंगपरीक्षणाची खास अवस्था येते: मध्यम करडा भोवताल आणि प्रतिमेला पांढरी चौकट. पांढऱ्या कागदावर छापायच्या फोटोसाठी इतकी सोयीस्कर तयार व्यवस्था इतर सॉफ्टवेअरनी घ्यायला हरकत नव्हती. इनडिझाइनमध्ये डब्ल्यूने गाइड व चौकटी लपतात आणि शिफ्ट + डब्ल्यूने पान सादरीकरणासारखे उघडते. त्यात बी, डब्ल्यू, जी या कळांनी भोवताल काळा, पांढरा, करडा होतो.

गिऱ्हाइकाला दाखवताना

अल्बम पसंत करायला कुटुंब येते तेव्हा भिंतीवरचा टीव्ही एचडीएमआयने जोडण्याची पद्धत आहे. फोटोशॉपच्या विंडो मेनूतील अरेंजमधून त्याच फाइलची दुसरी खिडकी उघडून ती टीव्हीवर नेऊन फुल स्क्रीन केली, तर ऑपरेटरच्या पडद्यावर पॅनेल राहतात आणि बदल दोन्हीकडे दिसतात. दोन गोष्टी आधी पाहाव्यात. बरेच टीव्ही कडा कापून चित्र किंचित मोठे करतात, त्यामुळे पानाच्या टोकाचा माणूस अर्धा जातो. सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडले की कड परत येते. आणि ‘व्हिव्हिड’ मोड बंद करावा, नाहीतर नवरीचा शालू टीव्हीवर एक आणि अल्बममध्ये दुसराच निघतो.

मॉनिटरची उजळता ८० ते १२० कँडेला प्रति चौ. मी. इतकी ठेवतात. चकचकीत पडद्यावर काळा भोवताल आरशाचे काम करतो आणि मागची ट्यूबलाइट, खिडकी, ऑपरेटरचा पांढरा शर्ट फोटोत उतरतो. करडा भोवताल इथेही बरा.

नेहमीचे घोटाळे

चुकून टॅब लागला की ‘टूल्स गेली की वो!’ म्हणून फोन येतो आणि काही जण सॉफ्टवेअर नव्याने टाकूनही मोकळे होतात. उपाय क्रमाने: एस्केप, मग टॅब, मग एफ, तरीही पॅनेल नसतील तर विंडो मेनूतून वर्कस्पेस रिसेट. टाइप टूल चालू असताना एफ दाबले तर अवस्था बदलण्याऐवजी मजकुरात अक्षर पडते. आधी कंट्रोल + एंटरने मजकूर पक्का करावा. मराठी टंकनाची मांडणी चालू राहिली तर एक-अक्षरी कळा कधी कधी लागत नाहीत. इनस्क्रिप्टमध्ये एफच्या जागी ऱ्हस्व वेलांटी आहे. इंग्रजीवर येऊन पुन्हा दाबावे. लॅपटॉपवर एफ-९ किंवा एफ-११ दाबल्यावर आवाज वा उजेड बदलत असेल, तर सोबत एफएन कळ लागते.

सर्वांत जास्त वेळ खाणारा घोटाळा कंट्रोल + एच चा. निवडीची रेषा लपते, निवड मात्र चालूच राहते. नंतर फोटोच्या दुसऱ्या भागात ब्रश फिरवला तर काहीच उमटत नाही, आणि दोष लेयर, मास्क, माऊस यांत शोधला जातो. कंट्रोल + डी ने निवड सोडली की ब्रश चालू लागतो.