व्हर्ना, सिटी, व्हर्टस की स्लाविया? गाडी बघायला येण्याआधी एवढं वाचा

आम्ही जुन्या गाड्या विकतो. फोनवर बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "नवी व्हर्ना पळायला कशी आहे? व्हर्टसपेक्षा बरी का?" त्यावर आम्ही उलट विचारतो, "कुठली व्हर्ना?" ऐकणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते, पण तसं नाही. मार्च २०२३ मध्ये ह्युंदाईने आणलेल्या नव्या व्हर्नात एका नावाखाली दोन वेगळ्या गाड्या आहेत. साध्या इंजिनाची ताकद ११५ पीएस (अश्वशक्तीसारखं माप) आणि टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, १४३.८ एनएम. टर्बोची (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारी) ताकद १६० पीएस आणि टॉर्क २५३ एनएम. जाहिरातीत दोन्ही '१.५ पेट्रोल'. डिझेल या पिढीत नाहीच, ते शोधत बसू नका.

सगळा घोळ इथेच होतो. व्हिडिओ बघितलेला असतो टर्बोचा, चालवून पाहिलेली असते मेहुण्याची डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक), आणि बजेटात बसते म्हणून घेतली जाते साधी आयव्हीटी (गिअरचे टप्पे नसलेली ऑटोमॅटिक). मग आठवड्याभरात गाडी परत दारात येते, "चढाला ओढत नाही, काहीतरी बिघाड आहे." आम्ही स्कॅनर लावतो, एअर फिल्टर बघतो, प्लग काढतो. बिघाड काहीच नसतो. इंजिन जसं आहे तसंच चालत असतं. तुमचा अर्धा दिवस जातो, आमचा मेकॅनिक अडकतो.

आरसीवरचा सीसी बघा

गाडी आमच्याकडून घ्या नाहीतर दुसरीकडून, आधी आरसीवरचा सीसीचा (इंजिनाच्या आकारमानाचा) आकडा वाचा. साध्या व्हर्नाचा आकडा १४९७ आणि टर्बोचा १४८२. ताकद जास्त असलेल्या गाडीचा आकडा लहान आहे, म्हणून लोक हमखास उलटं समजतात. फोक्सवॅगनची व्हर्टस आणि स्कोडाची स्लाविया यांत ९९९ म्हणजे तीन सिलिंडरचं १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), ११५ पीएस. १४९८ म्हणजे १.५ टीएसआय, १५० पीएस. होंडा सिटीत साधी आणि हायब्रिड दोन्ही १४९८, त्यामुळे तिथे इंधनाचा रकाना वाचावा लागतो. मागचा 'टर्बो' बिल्ला आणि लाल ब्रेक कॅलिपर यांवर विसंबू नका. बिल्ला ऑनलाइन मिळतो, लाल रंगाचा डबा कुठल्याही दुकानात.

घाटात फरक कळतो, सपाटीवर नाही

पीएसपेक्षा टॉर्क किती आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) येतो हे बघा. साध्या व्हर्नाचा पूर्ण टॉर्क ४५०० आरपीएमला येतो, सिटीचा ४३०० ला. व्हर्ना टर्बो १५०० पासून ३५०० पर्यंत पूर्ण जोर देते, १.५ टीएसआय १६०० पासून ३५०० पर्यंत. कात्रजच्या जुन्या घाटात चार माणसं आणि एसी चालू ठेवून चढलात की हे आकडे पायाला जाणवतात. टर्बो २००० आरपीएमवर निवांत चढते. साध्या इंजिनाला पाय दाबावा लागतो, आयव्हीटी किंवा तशीच सीव्हीटी असेल तर इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. हा दोष नाही, पण सवय नसलेल्याला खटकतो. १.० टीएसआयचं दुखणं निराळं. १७५० च्या खाली ती सुस्त असते, त्यामुळे मॅन्युअल घेतली तर ट्रॅफिकमध्ये दुसऱ्याचा पहिला गिअर वारंवार करावा लागतो.

कागदावर व्हर्ना टर्बो डीसीटीचं मायलेज २०.६ आणि साध्या मॅन्युअलचं १८.६. "ताकद जास्त आणि मायलेजही जास्त, मग प्रश्नच मिटला!" असं म्हणून बरेच जण फसतात. हे आकडे ठरावीक चक्रात हलक्या पायाने घेतलेल्या चाचणीतले आहेत. टर्बोचा जोर वापरलात की पेट्रोलही तितकंच जातं. जोर वापरायचाच नसेल तर टर्बोला जास्त पैसे कशाला मोजायचे, हेही आम्ही तोंडावर सांगतो.

गिअरबॉक्स: इथे घाई नको

व्हर्ना टर्बोचा डीसीटी आणि व्हर्टस-स्लाविया १.५ चा डीएसजी या दोन्हींत सात गिअर आणि दोन कोरडे क्लच आहेत. हायवेवर यांची मजा औरच, गिअर कधी पडला ते कळतही नाही. पण हिंजवडीच्या संध्याकाळी ब्रेकवरचा पाय अर्धवट सोडून वीतभर-वीतभर सरकत राहिलात की क्लच अर्धा धरलेल्या अवस्थेत घासतो आणि तापतो. फार तापला तर डॅशबोर्डवर इशारा येतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदम सरका. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. ऑटो-होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर तो वापरा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना हिसके किंवा घरघर असेल तर त्या गाडीला आम्ही हात लावत नाही, किंमत कितीही उतरवली तरी.

रोज ट्रॅफिकच असेल तर सिटीची सीव्हीटी, व्हर्नाची आयव्हीटी किंवा १.० टीएसआयचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून जोर पोचवणारा ऑटोमॅटिक) जास्त सोशिक. आठवड्याला कोल्हापूर गाठणाऱ्याने दोन्ही १.५ टर्बो चालवून बघाव्यात. आमचा कल सांगायचा तर वळणावर आणि खडबडीत रस्त्यावर व्हर्टस जास्त घट्ट बसते, सामान आणि सुविधांत व्हर्ना पुढे. डिकी व्हर्नाची ५२८ लिटर, व्हर्टसची ५२१, सिटीची ५०६. मागे बसायला सिटी आरामाची. व्हर्नाचं छत मागे उतरतं, सहा फुटी माणसाचं डोकं टेकतं. सोसायटीचा रॅम्प अवघड असेल तर व्हर्टस-स्लावियाचा १७९ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स कामी येतो.

डॅशबोर्डबद्दल रोज येणारे फोन

"वायरलेस अँड्रॉइड ऑटो लागत नाही, स्क्रीन खराब दिली." स्क्रीन खराब नाही. नव्या व्हर्नाच्या वरच्या मॉडेलांतला १०.२५ इंचांचा स्क्रीन बाजारात आला तेव्हा केबलनेच जोडायचा होता, आणि खालच्या मॉडेलांतल्या ८ इंची स्क्रीनला मात्र वायरलेस होतं. पैसे जास्त देऊन केबल का, हा प्रश्न बरोबर आहे, पण तो आम्हाला विचारून उपयोग नाही. केबल डेटाची हवी. फक्त चार्जिंगची असेल, किंवा फक्त चार्जिंगच्या पोर्टला लावली असेल, तर फोन चार्ज होईल पण नकाशा येणार नाही. फोन जोडला जात नाही अशी तक्रार आली की आम्ही आधी केबल बदलून बघतो. सिटीला वायरलेस मार्च २०२३ च्या फेसलिफ्टपासून (त्याच पिढीच्या सुधारित रूपापासून) आहे. व्हर्टस आणि स्लावियाच्या १० इंची स्क्रीनला आधीपासूनच आहे. २०२२ ची स्लाविया घेताना स्क्रीनवर पट्टी ठेवून मोजा. चिपच्या तुटवड्यात काही काळ १० च्या जागी ८ इंची स्क्रीन बसवून गाड्या विकल्या गेल्या.

व्हर्नात एसी आणि गाण्यांसाठी एकच टचपट्टी आहे. बटण दाबलं की तीच पट्टी दुसऱ्या कामाला लागते, टोकाची दोन चाकंही कधी तापमान बदलतात, कधी आवाज. एसी कमी करायला जाऊन गाणं वाढतं, ते यामुळे. व्हर्टस-स्लावियात ऑटो एसी असेल तर तोही टचचाच. सिटीत अजून गोल फिरणारी चाकं आहेत, खड्ड्यातून जाताना न बघता हाताला लागतात. स्क्रीन लहान असूनही घरातली मोठी माणसं सिटी पसंत करतात, ते उगाच नाही.

एडास (धोका दिसला की इशारा देणारी आणि गरज पडल्यास ब्रेक लावणारी यंत्रणा) व्हर्नाच्या वरच्या मॉडेलांत आहे, त्यात रडार आणि कॅमेरा दोन्ही. फेसलिफ्ट सिटीत ते फक्त कॅमेऱ्यावर चालतं. व्हर्टस-स्लावियात नाही. काचेवरच्या कॅमेऱ्यासमोर फास्टॅग, डॅशकॅम किंवा देवाचं स्टिकर लावू नका. पुढच्या बंपरला गार्ड बसवू नका, रडार आंधळं होतं. काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेम पुन्हा जुळवणं) झाल्याचं बिल मागा. आम्ही अशा गाडीची फाइल त्या बिलाशिवाय देत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी. ह्युंदाईच्या ब्लूलिंकसारख्या ॲपमध्ये आधीच्या मालकाचं खातं तसंच राहिलं तर तुमची गाडी कुठे उभी आहे ते त्याला दिसत राहतं. ते खातं त्याच्या फोनवरून काढून घेणं बरं, म्हणून गाडी ताब्यात घेताना ते आम्ही आमच्या टेबलावर, आमच्यासमोर काढून घेतो. ब्लूलिंकची मोफत मुदत ३ वर्षांची, होंडा कनेक्टची ५. मुदत गाडी पहिल्यांदा विकली गेली तेव्हापासून मोजली जाते, तुम्ही घेतली तेव्हापासून नाही.

टेस्ट ड्राइव्हबद्दल

"बाकीचे फुकट देतात, तुम्ही ५०० रुपये का घेता?" बाकीचे चौकापर्यंत नेऊन आणतात. आम्ही दीड तास गाडी देतो, त्यात घाट, ट्रॅफिक आणि हायवे तिन्ही येतात, आणि तुलनेला दुसऱ्या कंपनीची गाडी त्याच वेळेत देतो. ५०० पेट्रोलचे, गाडी घेतलीत तर बिलातून वजा. ज्या इंजिनाची आणि ज्या गिअरबॉक्सची गाडी घ्यायची तीच चालवायला मिळेल. ती सध्या आमच्याकडे नसेल तर तसं सांगू, दुसरी दाखवून काम भागवणार नाही. टोकनही त्यानंतरच घेतो.

येताना ड्रायव्हिंग लायसन्स, रोजचा फोन आणि त्याची नेहमीची केबल आणा. मागे कोण बसणार असेल त्यांनाही घेऊन या. घाटाची फेरी सोमवार ते शनिवार सकाळी ७ ते १० असते. रविवारी कात्रजला गर्दी असते, त्या दिवशी फक्त गाड्या दाखवतो.