कॅलिफोर्नियातील स्पॅनिशभाषी घोडदळ : पार्श्वभूमी

1863 च्या जानेवारीत अमेरिकेच्या युद्धखात्याने कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या स्वारांच्या चार कंपन्या उभारण्यास मंजुरी दिली. याच समाजातील भालाईतांनी 1846 मध्ये, अमेरिका-मेक्सिको युद्धात, मेक्सिकोच्या बाजूने लढताना सान पास्कालच्या लढाईत अमेरिकी घोडदळाची दाणादाण उडवली, त्याला तेव्हा जेमतेम सोळा वर्षे झाली होती. ‘फर्स्ट बटालियन ऑफ नेटिव्ह कॅव्हलरी’ या पथकाच्या अधिकृत नावातील ‘नेटिव्ह’ म्हणजे या प्रांतात जन्मलेले मेक्सिकन वंशाचे रहिवासी. मूलनिवासी जमाती नव्हेत.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे सरहद्दीवरील नियमित फौज पूर्वेकडे गेली होती आणि गुरांच्या विस्तीर्ण रानांत घोड्यावरच वाढलेल्या या माणसांची उणीव सेनाधिकाऱ्यांना प्रकर्षाने जाणवू लागली. काही स्वारांच्या हाती भालेही देण्यात आले. मात्र ज्या सरकारने त्यांना हाक दिली, त्याच सरकारच्या 1851 च्या कायद्याने जुन्या जमीनमालकांवर आपली मालकी सिद्ध करण्याचा बोजा टाकला होता. दावे वर्षानुवर्षे चालत आणि त्यांच्या खर्चात जमिनी हातच्या जात. 1862 ते 1864 च्या दुष्काळाने उरलेली गुरेही मारली.

पथकाचा विषय निघाला की पळून गेलेल्या शिपायांची चर्चा होते आणि त्यातून त्यांच्या निष्ठेवर शंका घेतली जाते. हा निष्कर्ष अन्यायाचा आहे. पळून जाणारे शिपाई कॅलिफोर्नियाच्या इतर स्वयंसेवक पलटणींतही होते. शिवाय पगार कागदी डॉलरांत मिळे, तर या प्रांतातील बाजार सोन्यावर चाले. 1864 च्या मध्यास कागदी डॉलरची सोन्यातील किंमत निम्म्याहून खाली घसरली होती, म्हणजे महिन्याच्या तुटपुंज्या पगाराचा बराचसा भाग हाती पडण्याआधीच नाहीसा होत असे. ज्यांचे घर, गुरे आणि दावे तीनही संकटात होते, त्यांच्यावर याचा भार किती पडला असेल, हे लक्षात घेतल्याशिवाय निष्ठेचा प्रश्न विचारणेच गैर आहे.

एक कंपनी उत्तरेकडे हंबोल्टच्या परिसरात पाठवण्यात आली. 1865 मध्ये पथकाची ॲरिझोनात रवानगी झाली. सीमेपलीकडील मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात फ्रेंच फौजा आणि फ्रान्सने मेक्सिकोच्या गादीवर बसवलेल्या सम्राट मॅक्सिमिलियनचे समर्थक सक्रिय होते, त्यामुळे स्पॅनिश जाणणाऱ्या पथकाची तेथे खरी गरज होती. तरीही सांता क्रूझ नदीकाठच्या फोर्ट मेसनच्या छावणीत शत्रूपेक्षा तापानेच अधिक जवानांना अंथरुणाला खिळवले. यादवी युद्धातील दक्षिणेकडील राज्यांच्या बंडखोर फौजेशी लढण्याचा प्रसंग या पथकावर कधी आलाच नाही आणि 1866 मध्ये ते बरखास्त करण्यात आले.