दुखत नाही, म्हणून गाठ साधी?

"दुखत नाही ना? मग राहू दे." कानाखाली गाठ आली की घरोघरी हेच ऐकू येतं. गफलत इथेच होते. लाळग्रंथींच्या गाठी, साध्या असोत वा कर्करोगाच्या, सुरुवातीला बहुधा दुखतच नाहीत. जेवायला बसल्यावर, त्यातही लोणचं किंवा चिंच चाखल्यावर गाल टरारून फुगतो, ठणकतो आणि थोड्या वेळाने ओसरतो, तेव्हा बहुतेकदा लाळेच्या नळीत खडा अडकलेला असतो. गाठीला जेवणाशी देणंघेणं नसतं. ती सावकाश वाढत राहते.

लगेच धसका घेऊ नका. कानापुढच्या लाळग्रंथीतल्या साधारण ८० टक्के गाठी साध्या निघतात. (गाठ जिभेखाली किंवा तोंडातल्या टाळूवर असेल तर कर्करोगाचा धोका जास्त.) पण कानापुढच्या याच ग्रंथीतून चेहऱ्याची हालचाल करणारी नस जाते. त्यामुळे गाठीसोबत डोळा नीट मिटेना, चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून गळू लागलं, तर 'वारं लागलं' म्हणत शेकत बसू नका.

डॉक्टरांना सांगा: गाठ कधी दिसली, अलीकडे झपाट्याने वाढली का, पूर्वी डोक्या-मानेला रेडिएशन दिलं होतं का, चेहऱ्याच्या त्वचेचा कर्करोग झाला होता का. लग्नकार्यातला जुना फोटो सोबत न्या. "दोनेक वर्षं झाली असतील" म्हणणाऱ्याची गाठ कधीकधी पाच वर्षांपूर्वीच्या फोटोतही दिसते.