जीवशास्त्रीय संशोधनातलं चित्रकाम (पुणे)

संशोधक आणि चित्रकार (हल्ली डिझायनर नि अ‍ॅनिमेटर पण) मिळून पेशी, विषाणू, प्रथिनं, झाडं-प्राणी यांची जी चित्रं तयार करतात ते हे काम. शोधनिबंधातली (पेपरमधली) आकृती, जर्नलचं कव्हर, नव्या प्रजातीचं रेखाचित्र, थ्रीडी मॉडेल सगळं यात आलं. संशोधन झाल्यावर शेवटी जरा छान दिसावं म्हणून आर्टिस्टला बोलावतात असा समज आहे, आणि तसं होतंही, पण त्यात मजा नाही. चित्रकार विचारतो, "इथे या दोन प्रथिनांच्या मधे काय आहे, रिकामं ठेवू का?" आणि समोरचे सर गप्प होतात, तिथून खरं काम सुरू होतं. पाठ्यपुस्तकातली पेशी ऐसपैस बंगल्यासारखी मोकळी असते, प्रत्यक्षात आत खच्चून गर्दी असते. अमेरिकेतल्या डेव्हिड गुडसेल यांनी वॉटरकलरमध्ये ती गर्दी रंगवली, आणि ते स्वतः रेणूंच्या रचनेवर काम करणारे संशोधक असल्यामुळे प्रत्येक ठिपका कुठल्या रेणूचा हे त्यांना सांगता येतं.

पुण्यात याची मुळं जुनी आहेत. 1790 मध्ये गंगाराम तांबट यांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा रंगवला, ते चित्र आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तेव्हा त्याला कुणी सायन्स म्हणत नसेल, पण समोर प्राणी उभा करून काढलेलं चित्र आहे ते. त्याहून थेट उदाहरण दापोडीचं. तिथे (तेव्हाचं दापुरी) सरकारी वनस्पती उद्यान होतं, त्याचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन हे सर्जन, त्यांनी 1847 ते 1850 च्या दरम्यान एका चित्रकाराकडून दीडशेहून जास्त झाडांची चित्रं करून घेतली. चित्रं एडिनबर्गच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलीयेत, गिब्सनसाहेबांचं नाव सगळ्यांना ठाऊक, आणि ज्याने ती काढली त्याचं नाव कुठेच नाही, बहुतेक गोव्याकडचा होता एवढंच म्हणतात.

वनस्पतींचं रेखाचित्रण आजही चालतं. फोटो असताना हाताने कशाला, हे कोणीही विचारतं. फोटोत एकच फूल येतं, त्याला कीड लागलेली असेल, एखादी पाकळी दुमडलेली असेल, आणि फोकस एकाच पातळीवर. चित्रकार पाच-सहा नमुने बघून त्यातलं नेहमीचं तेवढं उचलतो. मायक्रोस्कोपला कॅमेरा ल्युसिडा लावला की प्रिझममुळे नमुना आणि आपल्या पेन्सिलीचं टोक एकाच वेळी दिसतं, मग कडा गिरवायच्या, नंतर ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने पक्कं करायचं. छाया ठिपक्यांनी द्यायची, प्रकाश वरून डावीकडून धरायचा असा रिवाज आहे, आणि शेजारी स्केल बार (खरं माप दाखवणारी रेघ) हवाच हवा. इथे बारीक घोळ होतो तो केसांचा: फुलाच्या देठावरची लव सौंदर्यासाठी दोन ठिपके जास्त दिली की पुढचा माणूस प्रजाती ओळखताना फसतो. शैवालांच्या बाबतीत तर 1 जानेवारी 1958 पासून नव्या प्रजातीच्या नावासोबत चित्र किंवा आकृती असणं नियमानेच सक्तीचं आहे.

रंगाचा प्रश्न विषाणूंपाशी सगळ्यात अवघड होतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) भारतातल्या पहिल्या कोरोना रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून विषाणूचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काढलेला फोटो मार्च 2020 मध्ये प्रसिद्ध केला, त्यातला एक कण साधारण 75 नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), आणि सगळं करड्या रंगात. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 नॅनोमीटरच्या पुढची, म्हणजे कणापेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे एवढ्याशा कणाला "खरा रंग" म्हणावा असं काही नसतंच. तरी सगळ्यांच्या डोक्यात बसलाय तो राखाडी गोळा नि लाल काटे, कारण अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेतल्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स यांनी तसा रंगवला. प्रथिनांचे आकार त्यांनी खऱ्या डेटावरून घेतले, पण लाल रंग त्यांनी निवडलेला, लोकांचं लक्ष जावं म्हणून. बघणाऱ्याला तो आता धोक्याचाच वाटतो.

फ्लुओरेसन्सच्या (चमकणारे रंगद्रव्य लावून काढलेल्या) फोटोंतही रंग बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच देतं, कॅमेरा नुसती तीव्रता मोजतो. म्हणून लाल-हिरव्याऐवजी मॅजेन्टा-हिरवा वापरा असा सल्ला जर्नलं देतात, लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे वाचकही असतात ना. ब्राइटनेस वाढवायचा तर पूर्ण फोटोचा, एका कोपऱ्याचा उजळलात तर तो डेटाशी खेळ. डिझायनरला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तो बिचारा सवयीने बॅकग्राउंड साफ करून पाठवतो.

पुण्यात आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था), एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र), एनसीएल (रासायनिक प्रयोगशाळा), आघारकर संशोधन संस्था, एनआयव्ही एवढ्या लॅब्स आणि टिळक रोडवर अभिनव कला महाविद्यालय, म्हणजे माणसांची कमी नाही. अडतं ते पैशापाशी. ग्रँटच्या बजेटमध्ये चित्रासाठी वेगळी ओळच नसते, मग कव्हरचं काम "एक्स्पोजर मिळेल" वर ढकललं जातं आणि नाव आभाराच्या शेवटच्या ओळीत. कॉपीराइट कुणाचा, चित्र पुढे दुसऱ्या पेपरात वापरायचं का, दुरुस्त्या किती वेळा, हे सुरुवातीलाच ईमेलवर लिहून घेणारे चित्रकार नंतर कमी भांडतात.