पेपेरोमियाने मान टाकली, तर आधी झारी खाली ठेवा

आमच्या दुकानातून पेपेरोमिया, म्हणजे मांसल पानांचं हे कुंडीतलं शोभेचं रोप, घेताना जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "पाणी किती दिवसांनी घालायचं?" आम्ही दिवस सांगत नाही. काहींना ती टाळाटाळ वाटते. पण आमच्याकडे कुजून परत येणारी पेपेरोमियाची रोपं बहुतेक दिवस मोजून पाणी घातलेलीच असतात.

हे रोप मिरी आणि नागवेलीच्या कुळातलं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत याच्या कितीतरी जाती झाडांच्या फांद्यांवर, सालीच्या खाचेत साचलेल्या मूठभर पालापाचोळ्यात वाढतात. तिथे पाऊस पडतो आणि लगेच निथळूनही जातो. म्हणून मुळं बारीक आणि आखूड, आणि पाण्याचा साठा मांसल पानांत. मातीत आठवडाभर टिकणारा ओलावा या मुळांना सोसत नाही.

आता घोटाळा कुठे होतो ते बघा. पानं लोंबली की आपल्याला वाटतं, तहान लागली. पाणी घातलं जातं. पण मुळं आधीच कुजली असतील तर ती पाणी ओढणार कशी? पानं आणखी लोंबतात, आपण आणखी घालतो. तहानलेलं रोप आणि बुडालेलं रोप लांबून सारखंच दिसतं, यात रोपाचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

फरक हाताला कळतो. कुंडी उचला. हलकी लागली आणि पान दोन बोटांत सहज वाकलं, तर तहान आहे. तळातून वाहेपर्यंत पाणी घाला, बशीतलं ओतून द्या. कुंडी जड आणि तरी पानं मलूल, तर पाणी बंद. रोप अलगद बाहेर काढा, काळी-मऊ मुळं कापून टाका आणि कोरड्या, भुसभुशीत मिश्रणात पुन्हा लावा. खोडच बुडाशी मऊ पडलं असेल तर ते वाचणार नाही, पण वरची चांगली पानं वाचवता येतात. सुरकुतलेल्या पानांच्या किंवा कलिंगडासारख्या पट्ट्यांच्या जातीचं पान देठासकट खोचलं तरी काही आठवड्यांत मुळं धरतं. पांढऱ्या-पिवळ्या कडेच्या जातीचा मात्र शेंड्याचा तुकडाच लावा, नुसत्या पानापासून बहुधा साधं हिरवं रोप येतं.

दुसरी तक्रार कुंडीची. "एवढं देखणं रोप आणि ही एवढीशी प्लास्टिकची कुंडी?" ती कंजुषी नाही. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. घरी नेल्या नेल्या मोठ्या कुंडीत हलवलेलं रोप महिनाभरात परत येतं, हे आम्ही इतक्या वेळा पाहिलंय की आता बिलासोबत हा कागदच देतो. शोभेची कुंडी हवी तर आमच्याकडे आहेत. ही कुंडी तशीच त्यात ठेवा, फक्त तळाशी पाणी साचू देऊ नका. मुळं खालच्या भोकांतून डोकावू लागली की दोन-तीन सेंटीमीटर मोठी कुंडी घ्या, त्याहून मोठी नको.

मिश्रणाची तयार पिशवी आम्ही विकतो, पण त्यात गुपित काही नाही: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (पांढरे, हलके खनिज खडे), एक भाग झाडाच्या सालीचे बारीक तुकडे. बागेतली माती तेवढी घालू नका.

उजेड भरपूर, पण दुपारचं थेट ऊन नको. तापमान 10 अंशांच्या खाली जात असेल तर रोप रात्री खिडकीच्या काचेपासून लांब ठेवा. खत वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं. उंदराच्या शेपटीसारखं काही उगवलं तर तो रोग नाही, तो फुलोरा आहे. नको असेल तर कापा. घरात मांजर किंवा कुत्रा असला तरी काळजी नको, ही रोपं त्यांना विषारी नाहीत.

कुजलेलं रोप आम्ही बदलून देत नाही. पण घेऊन आलात तर तुमच्यासमोर मुळं उघडून बघतो, वाचण्यासारखं असेल तर लावूनही देतो. फक्त ते कुंडी आणि मातीसकट आणा. धुऊन, पिशवीत गुंडाळून आणलेल्या रोपाचं काय बिनसलं हे आम्हालाही सांगता येत नाही.